युरोपच्या पंधरा दिवसांत किती गावे बसतात?

साताऱ्याहून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्या आणि त्यांचे यजमान दोघेही माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. यजमान चित्रकला शिकवतात. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत चौदा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई यांना घेऊन ते प्रथमच परदेशी जात आहेत. घरातून निघून घरी परतेपर्यंत पंधरा दिवस हाताशी आहेत. पत्रासोबत त्यांनी तक्ता जोडला आहे : मुंबई ते पॅरिस जाण्यायेण्याचे तिकीट; पॅरिस, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली, शेवटी दोन दिवस लंडन आणि परत पॅरिसहून विमान. एकूण आठ देश. त्या विचारतात की हे जमेल का, व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा, अनेक युरोपीय देशांच्या गाड्यांत चालणारा युरेल पास घ्यावा का आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात त्याचे काय करावे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे की सासूबाईंना एकदा बर्फ हातात घ्यायचा आहे, मुलाला रेल्वेचे वेड आहे, यजमानांना रोमच्या व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलचे रंगवलेले छत पाहायचे आहे आणि त्यांना स्वतःला आयफेल टॉवर रात्री उजळलेला पाहायचा आहे.

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. हा तक्ता पंधरा दिवसांत बसत नाही, आणि ओढूनताणून बसवलाच तर तुम्ही युरोप पाहण्यापेक्षा युरोपातली स्थानके अधिक पाहाल. सातारा ते मुंबई विमानतळ सुमारे अडीचशे किलोमीटर. विमान रात्रीचे असले तरी तो दिवस प्रवासातच जातो. परतताना शेवटची रात्र विमानात आणि पंधरावा दिवस मुंबईहून घरी पोहोचण्यात जातो. म्हणजे युरोपात मुक्काम करण्यासाठी तुमच्या हाती बाराच रात्री उरतात. सगळा हिशेब या बारा रात्रींचा आहे.

तुमच्या तक्त्यातला पाचवा दिवस मी कागदावर तासातासाने मांडून पाहिला. ‘सकाळी पॅरिस सोडणे, ब्रुसेल्स व अ‍ॅमस्टरडॅम पाहणे, रात्री कोलोन मुक्काम’ असे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे. चौघांची आंघोळ, नाश्ता आणि बॅगा आवरून आठला हॉटेल सोडले, तर साडेआठपर्यंत गार द्यु नॉर स्थानकावर पोहोचाल आणि साडेनऊच्या सुमाराची गाडी धराल. ब्रुसेल्सच्या मिडी स्थानकावर अकराला उतरायचे, सामानाचे लॉकर शोधायचे, तिथून स्थानिक गाडीने सेंट्रल स्थानक गाठायचे आणि चालत ग्राँ प्लासच्या चौकात यायचे, तोवर पावणेबारा झालेले असतात. दीड वाजता पुन्हा मिडीकडे वळायला हवे, कारण दोनची गाडी चारपर्यंत अ‍ॅमस्टरडॅमला नेते. तिथे परत लॉकर, एक तासाची कालव्यातली बोट, आणि साडेसहाला कोलोनची गाडी, जी रात्री नऊनंतर पोहोचते. म्हणजे ब्रुसेल्सला पावणेदोन तास, अ‍ॅमस्टरडॅमला अडीच तास आणि गाड्यांमध्ये सहा तास. त्यात सासूबाई तीन लांब पल्ल्याच्या गाड्यांची चढउतार करणार, दोनदा सामान लॉकरमध्ये ठेवले-काढले जाणार, आणि एखादी गाडी अर्धा तास उशिरा आली तर अ‍ॅमस्टरडॅम नुसते नावापुरते उरणार. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी कोलोनहून पुन्हा निघायचेच आहे. असे दिवस तुमच्या तक्त्यात चार आहेत.

गाव बदलले की अर्धा दिवस जातो, मग अंतर कितीही कमी असो. युरोपातली बहुतेक हॉटेले सकाळी अकराच्या आसपास खोली रिकामी करायला लावतात आणि नवी खोली दुपारी दोन-तीनच्या आधी देत नाहीत. माझ्या पहिल्या युरोप सहलीत आम्ही बारा दिवसांत नऊ गावे केली होती. फ्लॉरेन्सबद्दल आजही मला पहिल्यांदा आठवते ती हॉटेलच्या खालची अरुंद बोळकांडी, जिथे माझी आई बॅगेवर बसून, पायातले बूट काढून, खोली मिळण्याची दोन तास वाट पाहत होती. तिने कुरकुर केली नाही, पण संध्याकाळी ती आमच्याबरोबर बाहेर पडली नाही. तुमचे पत्र वाचताना ती बोळकांडी डोळ्यांपुढून हलेना, म्हणून हे इतके सविस्तर लिहिते आहे.

आता तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींकडे या. बर्फ, रेल्वे, सिस्टाइन चॅपेल आणि रात्रीचा आयफेल टॉवर. या चारही इच्छा फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली या तीन देशांत, एकाच सरळ वाटेवर पुऱ्या होतात. उरलेल्या पाच देशांमध्ये तुमच्यापैकी कोणाला नेमके काय पाहायचे आहे, हे पत्रात कुठेही लिहिलेले नाही. एवढा पैसा घालून जायचे तर सगळेच उरकून घ्यावे, हा विचार मी समजू शकते. आयुष्याची बचत घेऊन निघालेल्या माणसाला तो सुचणारच. परंतु घरातल्या चौघांनी मनापासून सांगितलेल्या चार गोष्टी निवांतपणे पाहून होणे, यात तुमच्या बचतीचे अधिक चीज आहे असे मला वाटते. म्हणून पॅरिसला चार रात्री, ल्युसर्नला तीन, व्हेनिसला दोन आणि रोमला तीन अशी बारा रात्रींची विभागणी सुचवते.

पॅरिसला जाऊन पॅरिसहूनच परतायचे, हा तक्त्यातला सर्वांत महाग हट्ट आहे. जाताना मुंबई–पॅरिस आणि येताना रोम–मुंबई असे एकाच आरक्षणात तिकीट मिळते. विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्यासाठी अनेक शहरांचा पर्याय असतो. दोन सुटी एकेरी तिकिटे काढू नका, ती बहुधा महाग पडतात. अशा तिकिटाला एकाच ठिकाणच्या परतीच्या तिकिटापेक्षा थोडे जास्त लागले, तरी पॅरिसला परत येण्याचे भाडे आणि एक पूर्ण दिवस वाचतो.

पॅरिसच्या चार रात्रींतली पहिली संध्याकाळ मोकळी ठेवा. मे महिन्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे पहिल्या दिवशी आठ वाजताच डोळे मिटू लागतील. आणि तुम्हाला हवा तो आयफेल टॉवर पाहायचा तर जागे राहावे लागेल, कारण मेच्या मध्यावर पॅरिसला सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे टॉवर लुकलुकतो. म्हणजे पहिला लखलखाट रात्री दहाला. त्यासाठी दुसरा किंवा तिसरा दिवस राखून ठेवा, दुपारी सर्वांनी हॉटेलवर येऊन दोन तास झोप काढा, संध्याकाळी घरचे काहीतरी खा आणि साडेनऊला टॉवरसमोरच्या ट्रोकादेरोच्या गच्चीवर जाऊन बसा. टॉवरवर चढण्याची लिफ्टची तिकिटे सुमारे दोन महिने आधी खुली होतात. मात्र उजळलेला टॉवर पाहायला तिकीट लागत नाही, तो बाहेरूनच पाहायचा असतो. लूव्र संग्रहालय मंगळवारी आणि १ मे रोजी बंद असते, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतो, आणि दोन्हीकडे अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. सासूबाईंसाठी मेट्रोपेक्षा बस बरी. पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्थानकांत लिफ्ट क्वचितच असते आणि मार्ग बदलताना जिनेच जिने लागतात. बसला पायरी कमी असते आणि खिडकीतून शहर दिसते ते वेगळेच.

सहाव्या दिवशी पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून टीजीव्ही या वेगवान गाडीने स्वित्झर्लंडच्या सीमेवरचे बाझेल, सुमारे तीन तास, आणि तिथे गाडी बदलून तासाभरात ल्युसर्न. ही गाडी ताशी ३२० किलोमीटरपर्यंत वेग घेते, हे तुमच्या मुलाला सांगावे लागणार नाही. मी मुद्दाम ल्युसर्न निवडले, इंटरलाकेन किंवा झुरिक नाही. ल्युसर्नचे रेल्वेस्थानक, तलावावरचा बोटींचा धक्का आणि जुने गाव हे सारे एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांच्या सपाट वाटेवर आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून सोयीचे डोंगरी गाव मला माहीत नाही.

बर्फासाठी बहुतेक जण युंगफ्राउयोखचे नाव घेतात. ते स्थानक ३४५४ मीटर उंचीवर आहे, तिकीट फार महाग आहे आणि ल्युसर्नहून जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. सासूबाईंसाठी मी टिटलिस शिखर सुचवेन. ल्युसर्नहून पाऊण तासात गाडीने एंगेलबर्ग, तिथून तारेवरून जाणाऱ्या पाळण्याने वर, आणि शेवटचा टप्पा स्वतःभोवती हळूहळू फिरणाऱ्या मोठ्या पाळण्यातून. वरचे स्थानक ३०२० मीटरवर आहे आणि मे महिन्यात तिथे बर्फ असतोच. तरीही ही उंची आपल्या महाबळेश्वरच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, वर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे त्यांना नुसते बसू द्या, आणि धाप लागली तर हट्टाने थांबू नका, खाली या. लोकरीचे मोजे विसरू नका. बर्फ हातात घेण्याचा आनंद दोन मिनिटांचा असतो, पण भिजलेले पाय दिवसभर पुरतात. स्वच्छ हवेचा दिवस टिटलिसला द्यायचा आणि ढगाळ दिवस तलावाला, म्हणून दोन दिवसांचा क्रम आधी पक्का करू नका. आदल्या संध्याकाळी हवामान पाहून ठरवा.

दुसरा दिवस रिगी डोंगराचा. धक्क्यावरून बोटीने तासाभरात फिट्झनाऊ, आणि बोट जिथे लागते तिथेच दातेरी रुळांची गाडी उभी असते. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली दातेरी पर्वतीय रेल्वे आहे. परतल्यावर वेळ उरला तर ल्युसर्नच्या वाहतूक संग्रहालयात मुलाला सोडा. जुनी इंजिने पाहण्यात त्याचे तीन तास कुठे गेले ते कळणार नाही.

स्वित्झर्लंडमध्ये पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून तुमचे चार दिवस होतात आणि चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास मिळतो. त्यात बाझेल–ल्युसर्न गाडी, तलावातली बोट, रिगीची रेल्वे आणि इटलीच्या सीमेपर्यंतचा प्रवास येतो. टिटलिसच्या पाळण्याला निम्मी सवलत मिळते. आणि सोळा वर्षांखालील मुलाला आईवडिलांच्या पासवर विनामूल्य कौटुंबिक कार्ड मिळते. ते कार्ड पास घेताना आठवणीने मागून घ्या. युरेल पासची मात्र तुम्हाला गरज नाही. देशांतर्गत छोटे अंतर स्विस पासने भागते. फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांमध्ये पास असला तरी जागेच्या आरक्षणाचे पैसे वेगळे भरावेच लागतात, आणि तीनच लांब प्रवासांसाठी आगाऊ काढलेली सुटी तिकिटे स्वस्त पडतात.

व्हेनिसला दोन रात्री ठेवल्या, त्यातली एक प्रवासाने थकलेली असेल. ल्युसर्नहून मिलान आणि तिथून व्हेनिस हा बदलण्याच्या वेळेसह सहा-सात तासांचा प्रवास आहे; मिलानला दोन गाड्यांमध्ये किमान एक तास ठेवा. व्हेनिसला उतरायचे ते सांता लुचिया स्थानकावर, त्याआधीच्या मेस्त्रे स्थानकावर नाही. शहरात मोटार नाही आणि पुलापुलाला पायऱ्या आहेत, तेव्हा मुक्काम असा शोधा की सांता लुचियापासून तिथपर्यंत एकही पूल ओलांडावा लागणार नाही. लिस्ता दी स्पान्या या रस्त्यावर अशी हॉटेले आहेत. क्रमांक एकची जलबस मुख्य कालव्यातून संथपणे सान मार्को चौकापर्यंत नेते. सासूबाईंनी तेवढे पाहिले तरी व्हेनिस पाहिल्यासारखेच आहे.

तिथून रोम चार तासांवर. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात, अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा, आणि त्या दिवशी प्रवेश विनामूल्य असल्याने गर्दी फार असते, तो टाळा. सकाळची पहिली वेळ महाजालावरून आरक्षित करा. तुमच्या यजमानांना माहीतच असेल की मायकेलअँजेलोने ते छत १५०८ ते १५१२ या काळात रंगवले. पण तिथपर्यंत पोहोचायला संग्रहालयातली लांबच लांब दालने चालावी लागतात, हे चित्रांच्या पुस्तकात लिहिलेले नसते. चॅपेलमध्ये छायाचित्रे घेऊ देत नाहीत आणि कडेच्या भिंतीलगत बसायला बाके आहेत. बाकावर जागा मिळाली की त्यांना तिथेच सोडा, घाई करू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियम मुलालाही लागू आहे. सासूबाईंसाठी चाकांची खुर्ची आधी सांगून ठेवा. त्यांना संकोच वाटेल, तेव्हा त्यांना हे साताऱ्यातच समजावून सांगा, तिथल्या दारात नको. कलोसियम या प्राचीन रिंगणाची तिकिटे महिनाभर आधी खुली होतात आणि नावानिशी असतात, म्हणून पारपत्रे जवळ ठेवा.

आता व्हिसा, आणि इथे तुमचा एक गैरसमज दूर करायला हवा. विमान पॅरिसला उतरते म्हणून फ्रान्सचा व्हिसा, असे तुम्ही लिहिले आहे. नियम तसा नाही. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत आणि अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. दिवस समान असतील तेव्हाच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. वरच्या आराखड्यात इटलीच्या पाच रात्री होतात, पॅरिसच्या चार, म्हणून अर्ज इटलीकडे. तुम्ही व्हेनिस वगळून त्या दोन रात्री पॅरिसला दिल्या तर तोच अर्ज फ्रान्सकडे जाईल. यासाठीच आधी रात्री ठरवा, मग अर्ज. इंग्लंड शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, शुल्क वेगळे, आणि लंडन पाहून विमानासाठी पुन्हा पॅरिसला यायचे तर शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करावा लागतो, म्हणजे एकाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. लंडन स्वतंत्र सहलीसाठी ठेवा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये अर्जाची वेळ मिळणेच कठीण होते. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत अर्ज देऊन या. शुल्क प्रौढांना ९० युरो आहे आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही तेवढेच. प्रवास विम्यात किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण हवे. सासूबाईंच्या जुन्या आजारांचा उल्लेख विमा घेताना लपवू नका. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे, त्यात दोन पाने कोरी असावीत. हॉटेले विनाशुल्क रद्द करता येतील अशीच आरक्षित करा आणि परत न होणारी रेल्वे तिकिटे व्हिसा हाती आल्यावरच काढा. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पॅरिसला उतरल्यावर रांगेत वेळ जाईल हे धरून चाला.

खाण्याची चिंताही तुम्ही पत्रात गरजेपेक्षा जास्त केली आहे. स्वयंपाकघर असलेले छोटे घर ल्युसर्न आणि रोमला भाड्याने घ्या, म्हणजे सासूबाईंना भात-मेतकूट करता येईल. भाजणी, कोरडी चटणी, मेतकूट न्या. मात्र तूप, पेढे किंवा दुधाचा कोणताही पदार्थ नेऊ नका, कारण दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला मनाई आहे. ताजा कढीपत्ताही घरीच ठेवा.

बॅगांविषयी एक परीक्षा घ्या. प्रत्येकाने आपली भरलेली बॅग उचलून घराचे दोन जिने न थांबता चढून पाहावे. ज्याला जमले नाही त्याच्या बॅगेतले कपडे काढा. सासूबाईंची बॅग मुलाच्या वाट्याला येणार, तेव्हा त्याची स्वतःची पाठीवरची असू द्या. आणि आजपासून त्यांना रोज संध्याकाळी थोडे थोडे चालू द्या. साताऱ्यातल्या राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत थांबत थांबत जाता आले, तर रोमची काळजी नको.

तुम्ही हे वाचूनही आठ देशच करायचे ठरवले, तर स्वतः आखून जाऊ नका, एखाद्या चांगल्या समूह सहलीबरोबर जा. त्यांची बस हॉटेलच्या दारातून निघते, सामान कोणीतरी चढवते आणि संध्याकाळी भारतीय जेवण मिळते. त्या सोयीला किंमत आहे. फक्त नाव नोंदवण्याआधी प्रत्येक दिवशी बसमध्ये किती तास आहेत, हे लेखी मागून घ्या.

शेवटी मुलासाठी एक प्रश्न. ल्युसर्नहून मिलानकडे जाणाऱ्या वेगवान गाड्या २०१६ साली खुल्या झालेल्या ५७ किलोमीटर लांबीच्या गोथार्ड बोगद्यातून जातात आणि सुमारे वीस मिनिटे खिडकीबाहेर अंधार असतो. जुना डोंगरमार्ग अजून चालू आहे. तो तासभर जास्त घेतो, पण वासेन गावाजवळ रूळ डोंगराच्या पोटात वळसे घेत चढतात आणि तेच पांढरे चर्च तीनदा तीन वेगळ्या उंचींवरून दिसते. जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा की तीनदा दिसणारे चर्च, हे त्याने नकाशा आणि वेळापत्रक समोर घेऊन ठरवावे, आणि त्या दिवसाच्या गाड्या त्यालाच आखू द्याव्यात.